दुसरा ब्रेक

टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण पाय दाबलाय. डावा पाय, टाच जमिनीला टेकवून, पंजा पूर्ण खाली, अंगात होतं नव्हतं ते बळ लावून. समोर नवरा जेवत होता आणि जेवता जेवता उद्या ऑफिसात साहेबाला कसं चार शब्द सुनावणार ते सांगत होता. तो सुनावणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण वाक्य भरधाव निघालं होतं, आणि आता हा काहीतरी मूर्खासारखं बोलणार हे तिला दोन शब्द आधीच दिसलं. पाय आपोआप गेला. "काय गं, झुरळ होतं का?" नवऱ्याने विचारलं. "हो," ती म्हणाली. "मेलं?" "मेलं." त्याचं समाधान झालं आणि वाक्य पुढे चालू लागलं. ती मात्र हातातला घास तसाच धरून बसली. पोटरीत अजून कळ होती. आपल्याच घरात, आपल्याच टेबलाखाली, आपण एका माणसाच्या बोलण्याला ब्रेक मारला, आणि हे आजचंच नाही, कितीतरी वर्षांचं असणार, हे लक्षात आलं तशी तिला स्वतःच्या पायाची किळस आली. चपलेतून पाय काढून तिने पाहिला. डाव्या पंजाखाली घट्ट पिवळा घट्टा होता आणि उजवा पाय नव्या नवरीसारखा मऊ. जेवणावरची वासनाच उडाली.

तिचा धंदा गाडी शिकवण्याचा. छपरावर पाटी लावलेली लहान गाडी, उजवीकडे शिकणारा, डावीकडे ती, आणि तिच्या पायाशी दुसरा ब्रेक. एकोणीस वर्षं ती त्या डाव्या सीटवर बसली होती. लोकांना वाटतं शिकवणं तोंडाने होतं. तोंडाने ती फक्त "हळू", "आरसा बघा", "हं, आता सोडा" एवढंच म्हणे, आणि तेही शिकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. खरी गाडी तिचा डावा पाय चालवायचा. दर तासाला नवा माणूस आधीच्या माणसाच्या उबेत येऊन बसायचा. ती ऊब कुणाची कुणाला लागते याचा विचार करायचा नाही असं तिने सुरुवातीलाच ठरवलं होतं, आणि एकोणीस वर्षं ती तोच विचार करत होती. संध्याकाळपर्यंत स्टिअरिंग बुळबुळीत व्हायचं. भीतीला वास असतो, आणि तो सगळ्यांचा सारखाच असतो. अत्तर मारून आलेल्या सुनेचा, विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा, निवृत्तीनंतर हौस म्हणून आलेल्या आजोबांचा. आंबट, थोडासा धातूसारखा. पहिली काही वर्षं तिला या माणसांची माया वाटायची. मग माया आटली, राहिला फक्त वास. पास झाले की ते पेढ्याचा बॉक्स आणून द्यायचे, हात हातात घ्यायचे, आणि ती हसून हात काढून घेऊन घरी जाऊन दोनदा धुवायची.

ती स्वतः केव्हा चालवत होती? आठवायला गेलं की एकच आठवण यायची. बावीस वर्षांची असताना कालव्याच्या कडेच्या लांबच लांब रस्त्यावर बाबांची गाडी, खिडक्या उघड्या, वेगाचा काटा पार उजवीकडे. आणि शेजारी बाबा झोपलेले. तोंड उघडं टाकून, मान खिडकीला टेकवून, अगदी घोरत. त्या वेळी तिला राग आला होता, आपण एवढं भारी चालवतोय आणि हे बघतसुद्धा नाहीत म्हणून. आता वाटायचं, तिच्या शेजारी कुणी तसं झोपलं त्याला किती वर्षं झाली. लग्नानंतर घरची गाडी नवऱ्याने चालवायची असं काही कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच झालं. "दिवसभर गाडीतच असतेस, आता आराम कर," असं तो प्रेमाने म्हणायचा. आणि ती डावीकडे बसून आराम करायची, म्हणजे रस्ताभर पायाखालची जमीन दाबत बसायची. गादीवर, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, बहिणीच्या लग्नात भाषण करणाऱ्या मेहुण्यासमोर. सगळीकडे. या बाईने जन्मभर दुसऱ्यांना थांबवलं, बस्स, दुसरं काय केलं.

म्हणून जेव्हा गॅरेजचा मिस्त्री म्हणाला की शिकवणीची जुनी गाडी आता भंगारात काढा, नाहीतर रेसला लावा, तेव्हा तो चेष्टा करत होता आणि तिने ती चेष्टा मनावर घेतली. मिस्त्री रविवारी शहराबाहेरच्या रेसच्या ट्रॅकवर वळणावर उभा राहून झेंडे दाखवायचा. अकरा वळणांचा बंदिस्त रस्ता. तिथे दुकानदार, डॉक्टर, रंगारी, कुणीही यायचं, हौशी मंडळी. "तुम्ही यायलाच पाहिजे मॅडम," तो म्हणाला, "तिथे तुमच्यापेक्षा वाईट चालवणारे ढिगाने आहेत." मग त्याने मागच्या सीटा उपटल्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला, पाच पट्ट्यांचा बेल्ट आणि खिडक्यांना जाळी लावली. शिकवणीला तिने नवी गाडी घेतली, तेव्हा या जुन्या गाडीतला दुसरा ब्रेकही त्याने काढला. तिथे जमिनीला पडलेलं भोक पत्रा ठोकून बुजवलं. फक्त स्टिअरिंग तेच राहिलं. तिने ते स्पिरिटने पुसलं, साबणाने पुसलं, शेवटी वरचं कातडं सोलून नवं चढवलं, तरी पहिल्या उन्हात ते तापलं आणि एकोणीस वर्षांचे सगळे तळहात गाडीत दरवळले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पडशील-बिडशील." जणू ती सायकल शिकायला चालली होती.

ट्रॅकवर तिला काहीही आवडलं नाही, आणि हे तिने पहिल्याच दिवशी स्वतःशी कबूल केलं. हेल्मेट क्लबचं होतं, उसनं. त्याच्या आतल्या स्पंजात कुणाचं तरी तेल, कुणाचा तरी घाम, कुणाचं तरी घाबरणं मुरलेलं. ते डोक्यावरून ओढताना श्वास रोखावा लागे. वळणांच्या कडेला झिजलेल्या रबराचे काळे गोळे पडलेले असायचे आणि बुटाला चिकटून थेट घरापर्यंत यायचे. पुरुष उघड्यावर कपडे बदलत, पोट थोपटत, एकमेकांच्या गाड्यांना शिव्या देत आणि ती दिसली की "या ताई" म्हणून आवाज खाली आणत, ते तर तिला सगळ्यात घाण वाटायचं. नवख्यांच्या गाडीमागे चिकटपट्टीची मोठी फुली मारायची पद्धत होती, म्हणजे मागच्यांनी सांभाळून घ्यावं. आणि नवख्यांची एक वही असे. तिच्यात तीन सह्या लागत. पहिली गाडीच्या तपासणीची, दुसरी शिक्षक शेजारी बसवून चालवण्याची, तिसरी सगळ्यांच्या घोळक्यात एकटीने वीस मिनिटं न घसरता पूर्ण करण्याची. हंगाम संपेपर्यंत तिसरी मिळाली नाही तर वही रद्द. तिला ती सही हवी होती. इतकी हवी होती की त्या हवेपणाचाही तिला संताप यायचा. पंचेचाळिसाव्या वर्षी दहावीच्या मुलीसारखं सहीसाठी तडफडायचं, शोभतं का?

सह्या करणारे मामा. सत्तरीचे, पूर्वी स्वतः रेस मारणारे, एका अपघातात मान आखडलेली, त्यामुळे कुणाकडे बघायचं तर अख्खे वळत. ट्रॅकवर सगळ्यांचेच मामा, आणि सगळ्यांना अरे-तुरे. दुसऱ्या सहीसाठी ते तिच्या डाव्या बाजूला बसले, आणि तिला वाटलं, शेजारच्या त्या जागेवर आपणच बसलोय. पहिल्या फेऱ्यात तिने रस्त्याकडे कमी आणि मामांच्या पायांकडे जास्त बघितलं. ते पाय हलत नव्हते. एकावर एक टाकलेले, मोजा घोट्यावर गोळा झालेला, देवळाच्या पायरीवर बसल्यासारखे. तिसऱ्या वळणावर ती उशिरा वळली, गाडी तिरकी झाली, टायर किंचाळले; मामांचे पाय जिथल्या तिथे. "भीती नाही वाटत तुम्हाला?" फेरा संपल्यावर तिने हेल्मेटातून ओरडून विचारलं. "वाटते की," मामा म्हणाले. "पण ब्रेक तुझ्याकडे. मी इथे पाय आपटून काय करू, पत्रा फोडू?" आणि स्वतःच खो-खो हसले. तिला हसू आलं नाही. त्या माणसाने दुसरी सही केली ती गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून, आणि ती पेनकडे बघत असताना तिच्या मनात आलं, एवढं सोपं होतं तर एकोणीस वर्षं कुणी सांगितलं का नाही?

सोपं नव्हतं. तिसऱ्या सहीच्या दिवशी अठरा गाड्या सुटल्या. पाच मिनिटं छान गेली. काटा उजवीकडे, खिडकीची जाळी शिट्टी घालत होती, आणि कालव्याच्या कडेचा तो रस्ता मनात क्षणभर येऊन गेला. सहावं वळण उताराचं. पुढच्या गाडीचे मागचे दिवे एकदम लाल झाले, आणि तिचा डावा पाय गेला. एकोणीस वर्षं जिथे जात होता तिथेच, तसाच, टाच टेकवून, पंजा खाली. पण ती आता उजवीकडे बसली होती आणि त्या पायाखाली ब्रेक नव्हता, क्लच होता. इंजिन रिकामं ओरडलं, चाकांना कुणी धरणारं राहिलं नाही. तिने अजून जोरात दाबलं. जितकं दाबलं तितकी गाडी मोकळी सुटली, वळण तिथेच राहिलं आणि ती सरळ बाहेरच्या वाळूत जाऊन रुतली. वाळू जाळीतून आत आली, दातांखाली करकरली. मिस्त्री झेंडा हलवत धावत आला. ती हलली नाही. तिचा पाय अजून दाबलेलाच होता.

रस्त्यावरून उतरलेल्याने मामांच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन आपण काय केलं ते एका वाक्यात सांगायचं, सगळ्यांदेखत, आणि मामा ते नोंदवून घेणार, असा तिथला रिवाज. तिच्या आधी फरशीवाला होता. फरश्यांचा मोठा व्यापारी, अंगावर इस्त्री केलेला लाल सूट, तोही नवखा, तोही दुसऱ्या वळणावर गरगरला होता. "टायर थंड होते मामा," तो म्हणाला. "वाक्य तुझ्याबद्दल पाहिजे," मामा म्हणाले, "टायरला सही नकोय." खोलीत हशा पिकला. मग तिची पाळी. तोंडातली वाळू गिळून ती म्हणाली, "मी दुसऱ्याचा ब्रेक दाबला." पुन्हा हशा. मामा अख्खे तिच्याकडे वळले. "म्हणजे?" तिने सांगितलं, पाटीची गाडी, डावी सीट, एकोणीस वर्षं. सांगताना तिला स्वतःचीच शिसारी येत होती, लोकांसमोर लुगडं फेडून पायावरचं गळू दाखवावं तशी. मामा हसले नाहीत. "दोन आठवड्यांनी शेवटचा रविवार," ते म्हणाले. "डावा पाय क्लचच्या बाजूला पाय टेकवायची पट्टी असते तिच्यावर ठेव आणि विसर. गिअरपुरता उचल, पुन्हा ठेव. बाकी तो तुझा नाहीच, समज. मेलाय. मेलेल्याला हाका मारायच्या नसतात."

पण सोमवार ते शनिवार तोच पाय घर चालवत होता. त्या दोन आठवड्यांत औषधवाल्याची शिकवणी सकाळी नऊला असायची. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक, बावन्न वर्षांचा, बायको गेल्यावर गाडी शिकायला आलेला, कारण आता मुलीच्या गावी नेणारं कुणी नव्हतं. चाळीस तास झाले होते आणि अजून त्याला चौक पार करता येत नव्हता. सगळ्या शिकणाऱ्यांत तिला त्याचाच वीट आला होता. तो चांगला होता म्हणून जास्तच. प्रत्येक गोष्टीला "सॉरी मॅडम." गिअर खरखरला, सॉरी मॅडम, मागच्याने हॉर्न वाजवला, सॉरी मॅडम, तीच शिंकली, तरी सॉरी मॅडम. बोटांना गोळ्यांच्या भुकटीचा कडू वास. तिने ठरवलं, याच्यावरच सराव करायचा. पाय ब्रेकशेजारच्या पट्टीवर. नजर लांब. पाय ब्रेक मागायला लागला की बुटातल्या बुटात अंगठा आत वळवून धरायचा. पहिल्या दिवशी तिने सतरा वेळा दाबला. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. दाबला की औषधवाला "थँक्यू मॅडम" म्हणायचा, आणि तिला वाटायचं, याच्या कानाखाली ओढावी. तुझ्यामुळे माझा पाय मरत नाहीये रे बाबा. मग त्या विचाराची लाज वाटायची. मग लाजेचाही कंटाळा यायचा. शुक्रवारी नऊ वेळा. दुसऱ्या आठवड्यात पाच. शेवटच्या शनिवारी सायकलवाला आडवा आला तेव्हा पाय अर्ध्यात थांबला, आणि तिने पूर्ण दाबायला क्षणभर उशीर केला. सायकलवाला वाचला, शिव्या देत गेला. तिने तो क्षण जिभेवर घोळवून पाहिला. गोड लागला.

रविवारी दहाव्या मिनिटाला, त्याच सहाव्या वळणावर, फरशीवाल्याची गाडी तिच्या समोर आडवी झाली. पांढरा धूर, त्यात लाल रंग, काच तिच्याकडे वळलेली, काचेमागे उघडं तोंड. मामांनी शिकवलं होतं, ज्याच्यावर धडकायचं नाही त्याच्याकडे बघायचं नाही. जागेकडे बघ, गाडी नजरेमागे येते. तिने जागेकडे पाहिलं. डाव्या बाजूला गाडीपुरती जागा होती. उजवा पाय किंचित सैल, हात अलगद, आणि ती त्या जागेतून निघून गेली. डावा पाय पट्टीवर पडून होता, ओल्या फडक्यासारखा. पुढच्या सरळ रस्त्यावर तिच्या लक्षात आलं की त्या माणसाचं काय झालं हे आपण आरशातही पाहिलं नाही, आणि पाहावंसंही वाटलं नाही. आनंद झाला होता. खराखुरा, पोटातून वर येणारा, आणि त्याला त्या हेल्मेटाच्या स्पंजाचाच वास होता. उतरल्यावर ती संडासांच्या मागे जाऊन ओकली. फरशीवाला धडधाकट होता, लाल सूट धुळीने माखलेला, हसत होता, रडतही होता, आणि "ताई, तुम्ही काय निघालात हो!" म्हणून चारचौघांत तिचा हात धरून हलवत होता. त्याचा तळहात भिजलेला होता. मामांनी तिसरी सही केली. गाडीमागची फुली तिने स्वतः नखाने खरवडून काढली. घरी नवऱ्याने वही उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "वा, म्हणजे आता परमनंट का?" रात्रभर तिचा पाय एकदाही हलला नाही.

मंगळवारी सकाळी नऊला औषधवाला आला. गोदामांच्या गल्लीतून चालले होते. दोन्ही बाजूंना उभे टेम्पो, मध्ये जेमतेम रस्ता. तो आज बरा चालवत होता, म्हणजे नेहमीपेक्षा थोडा जोरात. एका टेम्पोच्या मागून खोक्यांचा ढीग बाहेर आला. ढिगाखाली दोन पाय. माणूस रस्ता ओलांडत होता, खोकी छातीशी धरून, तोंड खोक्यांआड. तिने पाहिलं. औषधवाल्याच्या कितीतरी आधी पाहिलं. आणि तिची नजर त्या पायांवरून सरकली, उजवीकडे गेली आणि जागेवर जाऊन बसली. जागा होती. ती स्टिअरिंगवर असती तर गेली असती. पण ती डावीकडे बसली होती, तिच्या हातात काहीही नव्हतं, आणि ज्या एका गोष्टीवर तिचा ताबा होता ती पायाशी होती. पाय पट्टीवर पडून होता. तिने पायाला हाक मारली नाही, असं नाही. तिने हाक मारली. तो आला नाही.

गाडी थांबली. पट्ट्याने तिची छाती आवळली, डोकं पुढे जाऊन मागे आलं. समोर खोक्यांचा कोपरा बॉनेटला अगदी टेकला होता. त्या माणसाला कळलंसुद्धा नाही, तो तसाच चालत गोदामात शिरला. तिने खाली पाहिलं. तिचा ब्रेक वर होता, त्यावरची धूळसुद्धा हलली नव्हती. उजवीकडे औषधवाल्याचा बूट ब्रेकवर होता, पार जमिनीपर्यंत. चाळीस-पन्नास तासांत पहिल्यांदा. गल्लीत कुठेतरी शटर वर गेलं, कुणीतरी कुणाला चहाला हाक मारली. औषधवाला तिच्याकडे वळला. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून. नाहीतर आज माझ्या हातून... देवासारख्या आहात तुम्ही." त्याचा पाय अजून ब्रेकवर दाबलेला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. तिच्या जिभेवर वाक्य आलं. छोटंसं. अहो, मी नाही, तुम्हीच दाबलात, तुम्हाला येतंय, जा, परीक्षेचा अर्ज भरा, मुलीकडे जा. एवढं म्हटलं असतं तर तो माणूस तिथेच, त्या गल्लीत, उठून उभा राहिला असता. पण मग पुढचं वाक्यही तिलाच बोलावं लागलं असतं. तेव्हा मी काय करत होते, हे.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं?" ती म्हणाली. आवाज चांगला कडक लागला. "माणूस मेला असता आज."

"सॉरी मॅडम."

"चला आता. पहिला गिअर."

तो निघाला. गाडी गचके खात होती, गोळ्यांचा कडू वास आणि दोघांच्या घामाचा आंबट वास गाडीभर पसरला होता. तिचा कुठला आणि त्याचा कुठला हे आता वेगळं करता येत नव्हतं, आणि खिडकी उघडायलाही तिचा हात उचलेना. गल्ली संपली. मोठा रस्ता लागला, रुंद, दोन्हीकडे मोकळा, चिटपाखरू नव्हतं. तिने डावा पाय दोन्ही हातांनी धरून पट्टीवरून उचलला, ब्रेकवर ठेवला आणि दाबला. टाच टेकवून, पंजा खाली, अंगातलं सगळं बळ लावून. गाडी जागच्या जागी उभी राहिली. औषधवाला पट्ट्यावर आदळला. त्याने घाबरून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, त्या रिकाम्या रस्त्यावर बराच वेळ काहीतरी शोधलं.

"थँक्यू मॅडम," तो म्हणाला. "मला दिसलंच नव्हतं."